बाहुलीवर नाव कुणाचे?

कौरवांनी विराट राजाच्या गायी पळवल्या आणि राजपुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून लढायला निघाला, तेव्हा राजकन्या उत्तरा आणि तिच्या सख्यांनी बृहन्नडेला बजावले, की भीष्म-द्रोणांना जिंकलेत तर आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची तलम, रंगीत वस्त्रे घेऊन या. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन हे विसरला नाही. संमोहनास्त्राने कौरववीर निश्चेष्ट पडल्यावर त्याने द्रोण-कृपांची पांढरी, कर्णाचे पिवळे, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी वस्त्रे उत्तराकडून उतरवून घेतली. महाभारताच्या या प्रसंगात बाहुलीसाठी मागितलेले कापड नवे नाही, ते कुणाच्या तरी अंगावरचे आहे. आणि मागणारी गरीब नाही, राजाची मुलगी आहे. आज जुन्या साड्या, लेस, बटणे, तारा, शिंपले असे हाती लागेल ते जोडून केलेल्या कापडी बाहुल्या ‘आर्ट डॉल’ म्हणून प्रदर्शनात मांडल्या जातात, तेव्हा टाकाऊतून घडवण्याची ही रीतच आधुनिक असल्यासारखे बोलले जाते. वस्तुतः रीत फार जुनी आहे. विसाव्या शतकाने त्यात भर घातली ती करणाऱ्याच्या नावाची आणि बाहुलीला मुलांच्या हातापासून दूर ठेवून जपण्याची.

महाकाव्यातली गोष्ट हा पुरावा कसा, असे कुणी विचारील, आणि ते रास्तच आहे. पण ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातल्या इजिप्तची एक बाहुली आहे, इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांमधली. जाड्याभरड्या लिननच्या कापडाचे अंग, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे भरलेले, डोक्याच्या एका बाजूला शिवलेला मणी. घरात उरलेल्या-सुरलेल्या गोष्टींतून हिचा जन्म झाला हे उघड आहे. अशा बाहुल्या आणखी का सापडत नाहीत, याचे उत्तर हवामानात आणि वापरात आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत कापड टिकते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कसर आणि वाळवीच्या तावडीत ते टिकत नाही. शिवाय खेळण्याची बाहुली खेळूनच संपते. उत्तर प्रदेशात तर नागपंचमीला बहिणींनी चिंध्यांच्या गुडिया करायच्या आणि भावांनी तळ्याकाठी त्या काठ्यांनी झोडपायच्या अशी प्रथा आहे. तिथे बाहुली मोडण्यासाठीच शिवली जाते. म्हणून संग्रहालयात लाकडी ठकी दिसते आणि चिंध्यांची बाहुली क्वचितच दिसते, एवढ्यावरून दुसरी कमी प्रमाणात होती असा निष्कर्ष काढता येत नाही. जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीत न मावलेल्या तुकड्यांची बाहुली, ही कापडाच्या आयुष्यातली शेवटची पायरी होती, आणि तिच्यापुढे जपून ठेवण्याजोगे काही उरत नसे.

नाव आले ते कुठून, हे जर्मनीत नेमके पाहता येते. १९०५ मध्ये केटे क्रूझेच्या मुलीने बाहुली मागितली. शिल्पकार जोडीदाराने दुकानातली बाहुली आणायचे नाकारले आणि तूच कर म्हणून सांगितले, तेव्हा तिने टॉवेलमध्ये वाळू भरून, बटाट्याचे डोके लावून बाहुली केली. जगातल्या असंख्य आयांनी केले तेच तिनेही केले होते. पण १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानातल्या प्रदर्शनात तिच्या बाहुल्या मांडल्या गेल्या, मागणी आली, कारखाना निघाला आणि नक्कलही होऊ लागली. १९२५ मध्ये बिंग या खेळणी-कंपनीविरुद्धचा खटला तिने जिंकला आणि खेळण्यातल्या बाहुलीला कलाकृतीप्रमाणे कायद्याचे संरक्षण मिळाले. चिंधी आणि टाका तेच राहिले. आता मात्र त्यांच्यावर एका व्यक्तीचा हक्क लिहिला गेला. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिल्ल स्त्री-पुरुषांच्या कापडी बाहुल्यांसाठी रमेश आणि शांती परमार यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा निनावी समजल्या जाणाऱ्या हस्तकलेवर अशीच नावाची मोहोर उमटली.

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा, की नाव आणि जपणूक एवढ्यानेच कला होत नाही. कलावंत बाहुलीतून काही म्हणतो आणि घरातली बाई फक्त मूल रिझवते. चित्रकार हाना ह्योखने १९१६ मध्ये केलेल्या बाहुल्या दादा या कलाचळवळीच्या १९२० च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनात होत्या आणि त्या कुणाला रिझवण्यासाठी नव्हत्या, हे खरे. पण तेव्हा ती एका प्रकाशनगृहात भरतकाम आणि लेसचे नमुने काढण्याची नोकरी करत होती. बायकांचे समजले जाणारे ते कसबच तिने दादावाद्यांच्या मांडवात आणले. शिल्पकार लुईझ बुर्ज्वाचे आई-वडील जुन्या चित्रजवनिका दुरुस्त करण्याचा व्यवसाय करत. म्हातारपणी, १९९० च्या दशकात, तिने स्वतःचे साठवलेले कपडे आणि चादरी कापून माणसांच्या आकृत्या शिवल्या, टाके मुद्दाम उघडे ठेवून. त्या आकृत्या अस्वस्थ करतात, कारण अंगावर वापरलेले कापड त्या अंगाची आठवण धरते. हा अर्थ बुर्ज्वाने निर्माण केलेला नाही. आईच्या साडीच्या बाहुलीला कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलाला तो आधीच कळलेला असतो. कलावंताने त्याला दुःखाची, रागाची दिशा दिली, आणि ते श्रेय त्याचेच आहे. पण ज्या भांडवलावर हे उभे राहिले ते निनावी हातांचे आहे.

म्हणून कापडी बाहुलीचा इतिहास नावांच्या यादीतून लिहिला तर तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा भरेल आणि बहुतांशी युरोपचा होईल. तो कापडातून वाचायला हवा: हा तुकडा आधी काय होता, कुठे झिजला, टाका गोधडीचा आहे की भरतकामाचा, आत काय भरले आहे. संग्रहालयांनी ‘कर्ता अज्ञात’ एवढे लिहून थांबण्याऐवजी या नोंदी केल्या, तर करणारीचे नाव कळणार नाही, पण तिचा काळ, घर आणि हाताची सवय यांबद्दल बरेच कळेल.