तंजावरचे केसपेपर आणि पोटरीतली गुठळी

आजचा विषय आहे पायाच्या खोल शिरेत रक्त गोठण्याचा. डॉक्टर त्याला डीव्हीटी म्हणतात, डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. एक निवृत्त फौजी यावर काय बोलणार, असं वाटेल. पण ज्यानं उंचावरच्या बर्फातल्या चौक्यांवर नोकरी केली आहे, त्याला हे नाव चांगलं ठाऊक असतं. सुरुवात मात्र मी तंजावरपासून करणार आहे.

सरफोजी राजे दुसरे, 1777 ते 1832. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले, 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी, 1799 च्या तहानं, कंपनीनं राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला तो किल्ला आणि मानमरातब. राज्य गेलेले राजेरजवाडे पुढं काय करत, ते आपल्याला माहीत आहे. सरफोजींनी ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना घातला आणि धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती डॉक्टरी एका छपराखाली होती. औषधांचे पाठ तमिळ पद्यात बांधले गेले; ते 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावानं आजही ओळखले जातात. मराठी राजा, तमिळ पद्य!

पण मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते तिथले केसपेपर. सरस्वती महाल ग्रंथालयात राजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. रुग्णाची तक्रार, तपासणीत दिसलं ते, केलेला उपाय, आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. म्हणजे नुसतं 'डोळा बिघडला' असं मोघम नाही. कुठे बिघडला, कसा दिसतो, ते कागदावर उतरवायचं. हत्यार काहीही असो, निदानाची सुरुवात इथूनच होते.

नेमक्या त्याच काळात युरोपातले डॉक्टर सुजलेल्या पायाशी झगडत होते. बाळंतिणीचा एक पाय सुजून पांढराफटक पडायचा. लोक म्हणत, दूध पायात उतरलं. 1784 मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट यांनी रसवाहिन्यांकडे बोट दाखवलं. मग लंडनच्या डेव्हिस यांनी मृत बाळंतिणींच्या शिरा उघडून पाहिल्या आणि 1823 च्या सुमाराला दाखवून दिलं की दोष दुधाचा नाही, शिरेतल्या गुठळीचा आहे. खरं निदान झालं, पण मेल्यावर! जिवंत माणसात ते कसं करायचं, यात पुढची दीडशे वर्षं गेली.

जर्मनीच्या विर्शो यांच्या नावानं कारणांची एक तिकडी प्रसिद्ध आहे: रक्ताचा प्रवाह मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा, आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती. आता आमच्या चौकीचा विचार करा. विरळ हवेत तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं, थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, आणि हिमवादळात माणूस दिवसचे दिवस बंकरमध्ये पाय दुमडून बसतो.

आमच्या एका जवानाची डावी पोटरी अशीच दुखू लागली. सोबती म्हणाले, गोळा आला असेल, चोळून देतो. आमच्या तरुण डॉक्टरनं चोळायला साफ मनाई केली. कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. त्यानं टेप काढला, नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पायांवर पेनानं खूण केली आणि घेर मोजला. फरक तीन सेंटीमीटरहून जास्त. सुजेवर बोट दाबलं तर खळगा पडत होता. आकडे कागदावर लिहून त्यानं हेलिकॉप्टर मागवलं.

पूर्वी भर होता तो होमन्सच्या खुणेवर: पाऊल वर वळवलं की पोटरीत कळ येते. ती खूण दगा देते. साध्या स्नायूदुखीतही कळ येते, आणि गुठळी असूनही कधी येत नाही. म्हणून कॅनडाच्या वेल्स यांनी 1997 मध्ये गुणांची पद्धत मांडली. कॅन्सर, प्लास्टर किंवा लकवा, अंथरुणाला खिळणं किंवा मोठं ऑपरेशन, शिरेच्या रेषेत दुखणं, संपूर्ण पाय सुजणं, घेरातला फरक, अशा प्रत्येकाला एक गुण. मला आवडलेला भाग शेवटचा आहे: दुसरा एखादा आजार तितकाच संभवत असेल, तर दोन गुण वजा. स्वतःच्या संशयावरही संशय घ्यायची अशी सोय आमच्या युद्धशास्त्राच्या पुस्तकातसुद्धा फार कमी सापडते. गुण कमी आले तर डी-डायमर ही रक्ततपासणी करतात. ती निगेटिव्ह आली की गुठळीची शक्यता फार कमी. गुण दोन किंवा जास्त असतील तर सोनोग्राफी.

खाली हॉस्पिटलात आमच्या जवानाची झाली ती हीच. जांघेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत डॉक्टर प्रोब ठेवून दाबत जातात. निरोगी शीर मऊ असते, दाबली की पडद्यावर तिच्या दोन्ही भिंती मिटतात. शेजारची धमनी गोल राहते आणि ठोके देत असते. आत गुठळी असेल तर शीर मिटत नाही. बस, इतकंच! सुई नाही, किरण नाही. पूर्वी पायात औषध टोचून एक्स-रे काढावे लागत. त्याची शीर गुडघ्यामागे मिटली नाही; रक्त पातळ राखणारी इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली. काही महिन्यांनी तो युनिटमध्ये परतला, पण उंचावर नाही.

सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. ओटीपोटातल्या शिरा दाबता येत नाहीत, पोटरीतल्या बारीक गुठळ्या निसटतात. म्हणून नुसती मांडीपासून गुडघ्यापर्यंतची तपासणी स्वच्छ आली आणि संशय मात्र पक्का असला, तर आठवड्यानं पुन्हा करतात, कारण खालची गुठळी तोवर वर सरकलेली असू शकते. दुसरी तारीख दिली असेल, तर पाय बरा वाटला तरी जाऊन या.

पुढच्या भागात सरफोजींची 1820 ची काशीयात्रा.