चुनखडकाला फाजील श्रेय

धार जिल्ह्यात बाघ, देवला, चिराखान या गावांच्या आसपास समुद्राचा जुना तळ उघडा पडला आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून इथवर शिरला होता. तिथल्या एका लालसर-पिवळट चुनखडकाचा तुकडा भिंगाखाली धरला, तर ब्रायोझोआ या वसाहती करून राहणाऱ्या बारीक प्राण्यांच्या सांगाड्यांची जाळी दिसते. दगड म्हणजे जवळजवळ त्यांचाच ढीग.

हा दगड पाहून चांगले शिकलेले लोकही सांगतात, की निसर्गाने हवेतला कार्बन डायऑक्साइड इथे कोंडून ठेवला. मग पुढचा सल्ला येतो: समुद्रात शिंपले आणि पोवळी वाढवा, हवा निवळेल. हे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. जे बाहेर पडले, ते कधीतरी आत गेले असणारच.

गेले हे खरे, पण कुठून? हिशेब चुकतो तो इथे. कवच बनते ते पाण्यातल्या बायकार्बोनेटपासून, आणि एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात. एकातला कार्बन कवचात बसतो, दुसऱ्यातला कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात सुटतो. पाणी त्यातला काही भाग पुन्हा जिरवते. तरी आजच्या समुद्रात कवचातल्या दर १० रेणूंमागे साधारण ६ हवेच्या वाटेला लागतात. म्हणजे कवच घडताना समुद्र वायू सोडतो.

ही गोष्ट नजरेआड राहते, कारण पाण्यातला एकूण कार्बन मोजला तर तो कमी झालेलाच दिसतो. तो कवचात गेला ना! त्याच पाण्यात विरघळलेल्या वायूचा दाब मात्र वाढलेला असतो, आणि वायू हवेतून पाण्यात जाणार की पाण्यातून हवेत, हे दाबावर ठरते. तो मोजण्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. त्याच्या तोंडाशी पातळ पडदा असतो. त्यातून पाणी जात नाही, वायू जातो. पडद्यामागच्या पोकळीत अवरक्त प्रकाश सोडतात आणि वायूने त्यातला किती शोषला ते पाहतात. यंत्राचे नखरेही आहेत. पाणी एका अंशाने तापले, तर आतला कार्बन तेवढाच असूनही दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. पडद्यावर शेवाळ आणि जंतूंचा थर बसला, तर सेन्सर समुद्राऐवजी त्यांचाच श्वास मोजू लागतो. म्हणून तोंडाशी तांब्याची जाळी बसवतात.

यावर कोणी म्हणेल, पोवळ्यांच्या आतले शैवाल प्रकाशसंश्लेषण करून वायू घेतेच की. घेते, पण दिवसा. रात्री सगळेच श्वास सोडतात. भर दुपारी भरलेल्या एका बाटलीवरून निकाल देणाऱ्याला समुद्र उपकारकर्ता वाटणारच. ही चूक टाळायची तर सेन्सर दिवसरात्र पाण्यात ठेवावा लागतो. पोवळ्यांची बेटे एकंदरीत वायू शोषतात की सोडतात, हा वाद १९९०च्या दशकात रंगला, आणि बहुतेक बेटे थोडा वायू सोडतात या बाजूचे पारडे जड ठरले. पोवळी जपावीत ती माशांसाठी आणि किनाऱ्याच्या संरक्षणासाठी. तेवढी कारणे पुरेशी आहेत.

मग वायू कोंडतो कोण? सिलिकेट खडक. माळव्यातला काळा बेसाल्ट पावसाने झिजून धार-देवासची काळी माती होते, तेव्हा पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक कॅल्शियममागे हवेतले कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बायकार्बोनेट होऊन नर्मदा, क्षिप्रा, काली सिंधमार्गे समुद्राकडे जातात. तिथे कवच बनताना एक सुटतो, एक अडकतो. चुनखडकच झिजला, तर हवेतला एकच रेणू लागतो आणि तोच परत जातो, शिल्लक शून्य. बाघचा समुद्र बेसाल्टच्या आधीचा, त्यामुळे त्या दगडातल्या कार्बनचे खरे श्रेय त्याहून जुन्या, झिजून गेलेल्या सिलिकेट खडकांचे आहे.