रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट

गाड्यांच्या इतिहासात इंजिनाचं कौतुक होतं, मॉडेलचं होतं, मालकाचंही होतं. रेडिएटरच्या झाकणाला कोणी विचारत नाही. मी जुनी प्रीमिअर पद्मिनी चालवतो, त्यामुळे मला विचारावं लागतं. नुकतंच तिचं झाकण बदललं. जुन्याचं रबर कडक होऊन तडकलं होतं, स्प्रिंगमध्ये जीव उरला नव्हता. तळहातावर मावणाऱ्या या वस्तूमागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ उडून जायची आणि तिच्यासोबत इंजिनाची उष्णताही. त्यामुळे बर्थाला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरत जावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आता तेच पाणी गार होऊन पुन्हा फिरू लागलं.

झाकण मात्र अजून साधंच होतं, पाणी सांडू नये एवढ्यापुरतं. ते गाडीच्या नाकावर उंच बसायचं, म्हणून तिथे शोभेच्या मूर्ती आल्या. १९११ पासून रोल्स-रॉइसवर दिसणारी पंखवाली बाई मुळात या झाकणावरच उभी होती. काही गाड्यांत तिथे थर्मामीटर असायचा. चालकाने समोर बघूनच ओळखायचं, पाणी किती तापलंय ते.

मग झाकणात स्प्रिंग आली आणि त्याचं काम बदललं. हे समजायला घरातला कुकर आठवा. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही. वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब दिला, तर ते साधारण १२० अंशांपर्यंत तग धरतं. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग उचलली जाते, कुकरच्या शिट्टीसारखी. झाकणात आणखी एक छोटी झडप असते. इंजिन गार होऊन पाणी आकसलं की ती उघडते. ती अडकली तर आतल्या पोकळीने रबरी पाइप चपटा होतो.

आपल्याकडे या झाकणाची परीक्षा घाटात होते. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा चढावर बैल धापा टाकायचे. नंतर ती पाळी मोटारींवर आली. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे खंडाळ्याला उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात मे महिना, भरलेली गाडी आणि पहिला गिअर. बॉनेट उघडून कडेला थांबलेल्या गाड्या हे घाटाचं नेहमीचंच चित्र होतं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या फियाटनेच पुढे पद्मिनी हे नाव घेतलं आणि ती मुंबईची काळी-पिवळी झाली. सिग्नलला तासन्‌तास रखडणाऱ्या टॅक्सीवाल्यासाठी हे झाकण म्हणजे रोजीच होती. ते गळलं की पाणी कमी, पाणी कमी की इंजिन तापणार, हेड गॅस्केट जाणार आणि कमाई बुडणार. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्सी गेल्या की सुट्या भागांचं गिऱ्हाईकही जातं.

म्हणून हल्ली ‘बसतंय ना, मग लावा’ असं सर्रास होतं. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर हे करू नका. झाकणावर दाबाचा आकडा असतो, तो गाडीला लागतो तोच घ्या. जास्त दाबाचं म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. जुन्या रेडिएटरचे सांधे तो दाब सोसत नाहीत. झाकणाची खोली आणि रेडिएटरचं तोंड जुळतंय का, तेही पाहा. आणि गरम इंजिनावर झाकण कधीच उघडू नका. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं.

बर्थाला पाण्यावर स्वतः नजर ठेवावी लागत होती. पुढच्या चालकांनी ती नजर थर्मामीटरवर ठेवली. आता ती राखण एक स्प्रिंग करते. स्प्रिंग थकली की ते काम पुन्हा आपल्याकडे येतं, एवढं लक्षात ठेवलं तरी जुनी गाडी घाट चढते.