शेगाव तालुक्यातील केशपात व नखपात : देहलक्षणांच्या साक्षीचा विचार

त्वचा, केस व नखे यांचे निरीक्षण हे रुग्णपरिचर्येचे पहिले पाऊल मानले जाते. रोगाच्या इतिहासकारास तेच कालनिर्णयाचे साधन कसे ठरते, हे बुलढाणा जिल्ह्यातील एका प्रकरणावरून दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डोक्यास खाज सुटून तीन-चार दिवसांतच टक्कल पडू लागले. पुढे अठरा गावांतील २७९ रुग्णांची संख्या नमूद झाली. हा प्रदेश खारपाणपट्ट्यातील असल्याने प्रथम संशय पाण्यावर व बुरशीवर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्त, मूत्र व केसांतील सेलेनियमचे वाढलेले प्रमाण पुढे ठेवून स्वस्त धान्य दुकानांतील गव्हाकडे निर्देश केला. एप्रिलमध्ये त्याच भागातील रुग्णांची नखे विद्रूप होऊन गळू लागली.

नखांची ही घटना स्वतंत्र मानल्यास नवा रोग उद्भवला असे वाटेल. तथापि हाताचे नख महिन्यास सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मुळाशी झालेली इजा कातडीबाहेर येऊन दिसण्यास काही आठवडे, तर टोकापर्यंत सरकण्यास काही महिने लागतात. तेव्हा एप्रिलमधील नखपात ही हिवाळ्यातील त्याच आघाताची विलंबित साक्ष होय, असे मानण्यास आधार मिळतो. केस व नखे दोन्ही केराटिनची बनलेली असतात, आणि त्यातील गंधकाची जागा सेलेनियम घेऊ शकते.

यास पूर्वदाखले आहेत. १८५६ मध्ये अमेरिकेतील फोर्ट रँडॉल येथील लष्करी वैद्य मॅडिसन यांनी घोड्यांची आयाळ व शेपटीचे केस झडून खूर निखळल्याची नोंद केली. तिचा सेलेनियमशी संबंध पुढील शतकात जोडला गेला. चीनमधील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात माणसांचेच केस व नखे गळाली. तेथे दगडी कोळशातील सेलेनियम जमिनीतून पिकांत उतरले होते, आणि भाताचे पीक बुडाल्याने लोकांचा आहार त्याच पिकांवर आला होता.

दोन्ही ठिकाणी कारण अन्नात होते व त्याची पहिली खूण देहावर उमटली. म्हणून गावपातळीवरील परिचारिकेने केवळ टक्कल न नोंदविता नखांचा रंग, पोत व आडव्या रेषा, लक्षणाची तारीख आणि घरातील धान्याचा उगम ही सर्व एकत्र लिहून ठेवणे अगत्याचे आहे. ज्यांचे पोट शिधापत्रिकेवरील धान्यावर अवलंबून आहे, त्यांच्या बाजूने पुढे उभा राहणारा पुरावा बहुधा हाच असतो.