रिंगण : स्वार नसलेल्या अश्वाची धाव

श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वर हे ज्योतिर्लिंगाचे व गोदामाईच्या उगमाचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु वारकऱ्यांच्या लेखी त्र्यंबक म्हणजे प्रथम श्रीसंत निवृत्तिनाथांचे समाधिस्थान होय. ज्ञानोबारायांचे हे थोरले बंधू व गुरू शके 1219, म्हणजे इ. स. 1297 मध्ये येथे समाधिस्थ झाले. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात त्यांची पालखी येथून निघते आणि नाशिक, सिन्नर, राहुरी, अहिल्यानगर, करमाळा या मार्गाने चारशे किलोमीटरांहून अधिक वाट पायी चालून आषाढीस पंढरपुरी पोहोचते. या वाटेवर सिन्नर तालुक्यात दातली येथे रिंगण होते. ते पाहण्यास पंचक्रोशी लोटते.

रिंगण म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगणे अगत्याचे आहे. मोकळ्या माळावर मध्यभागी पालखी ठेवतात. सभोवती दिंड्या बसतात व मधे धावेसाठी गोल वाट राखतात. प्रथम पताकावाले धावतात. मग डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माताभगिनी, विणेकरी, टाळकरी, पखवाजी धावतात. शेवटी अश्व सुटतात. अश्व गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास एकच झुंबड उडते. हे झाले गोल रिंगण. उभ्या रिंगणात वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगांस उभे राहतात व अश्व त्यांच्यामधून दौडत पालखीपर्यंत जाऊन परततात.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत ही प्रथा विशेष नांदली. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात शिंदे सरकारच्या पदरी असलेले सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या स्वतंत्र सोहळ्यास लष्करी शिस्त लावली. या सोहळ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात. भाषावार प्रांतरचनेत अंकली कर्नाटकात गेली, तरी अश्वांची आळंदीची पायी वाट काही बदलली नाही. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीही बसत नाही. तो माउलींचा अश्व. त्यावर साक्षात माउली आरूढ आहेत, असा वारकऱ्यांचा भाव आहे.

अश्वांची दौड देशोदेशी होते. इटलीतील सिएना नगरात दरवर्षी 2 जुलै व 16 ऑगस्ट रोजी चौकाभोवती तीन फेऱ्यांची मोठी शर्यत लागते. नगरातील सतरा पेठांपैकी दहा पेठांचे घोडे एका वेळी धावतात. स्वार पडला आणि घोडा एकटाच प्रथम आला, तरी जिंकल्याचा मान त्या पेठेस मिळतो. तेथेही रिकाम्या पाठीच्या अश्वास मान आहे, हे पाहून नवल वाटते. फरक इतकाच की तेथे एक पेठ जिंकते व बाकीच्या हरतात. रिंगणात बक्षीस नाही, पैज नाही, हरणारा नाही. अश्व पुन्हा पुन्हा त्याच वर्तुळात धावतो आणि पाहणारा प्रत्येक जण काही मिळवून घरी जातो.

2020 व 2021 या दोन्ही वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरीस गेल्या आणि वाटेवरचे रिंगणाचे माळ सुने राहिले. 2022 मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा अनेक वृद्ध वारकऱ्यांनी डोळ्यांस पदर लावला.

साथ आली तशी गेली. परंतु माळ एकदा गेला की परत येत नाही. रस्ते रुंद होत आहेत, माळांचे प्लॉट पडत आहेत. सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र, आकार व पीक लिहिलेले असते. तेथे दरसाल संतांचा अश्व धावतो, हे लिहिण्यास रकाना नसतो. ती नोंद गावाने मनात ठेवावयाची असते. मंदिराचा दगड जसा लोकवर्गणीने पुन्हा बसविता येतो, तसा माळ बसविता येत नाही. म्हणून जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी कळसाबरोबर पालखीच्या वाटेवरील मोकळी जागाही गावोगावी जपली जावो, हीच श्रीनिवृत्तिनाथांचे चरणी प्रार्थना.