प्लेसमेंट टेस्ट : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची

नव्या विद्यार्थ्याला इंग्रजी व गणिताच्या कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचे, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत घेतली जाणारी चाचणी. ही प्रवेशपरीक्षा नव्हे. दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या या कॉलेजांत प्रवेश सर्वांना खुला असतो. नुकतीच शाळा संपवलेला मुलगा, कित्येक वर्षांनी पुन्हा शिकू पाहणारी नोकरदार स्त्री आणि नवा स्थलांतरित एकाच सत्रात दाखल होतात. या चाचणीत कोणी नापास होत नाही, असे कॉलेजे आवर्जून सांगतात. ते अर्धेच खरे आहे. गुण कमी पडले की विद्यार्थ्याची रवानगी पूर्वतयारीच्या वर्गात होते. तिथे फी लागते, सत्र खर्ची पडते, पण पदवीसाठी लागणारे क्रेडिट सहसा मिळत नाही.

कॉलेज बोर्डाची ‘ॲक्युप्लेसर’ ही यांतील सर्वांत परिचित चाचणी. ती संगणकावर होते, वेळेचे बंधन नसते आणि आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. तिच्या नव्या आवृत्तीत गुण 200 ते 300 या पट्टीवर मोजतात. ‘एसीटी’ संस्थेची ‘कंपास’ ही प्रतिस्पर्धी चाचणी 2016 मध्ये बंद झाली.

खरा प्रश्न गणितात येई. अंकगणित, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित अशा पायऱ्या चढल्यावरच पदवीला धरले जाणारे गणित सुरू होई. तळाच्या पायरीवर नेमलेल्याची दोन-तीन सत्रे त्यातच जात, आणि अनेकजण मध्येच गळत; काही तर पहिल्या वर्गात नावही नोंदवीत नसत. हे सारे बहुधा उजळणीविना, एका बैठकीत दिलेल्या चाचणीवर ठरे. कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न ज्युडिथ स्कॉट-क्लेटन व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चाचणी दिलेल्यांपैकी गणितात सुमारे एक चतुर्थांश आणि इंग्रजीत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांची नेमणूक गंभीररीत्या चुकल्याचा अंदाज निघाला. झेपेल त्याहून खालच्या वर्गात बसवण्याची चूक अधिक होती. शाळेतील काही वर्षांच्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, हा त्याहून भरवशाचा निकष ठरला.

याच सुमारास कायदेही बदलू लागले. फ्लोरिडाने 2013 च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांतून अलीकडे उत्तीर्ण झालेल्या बहुतेकांना चाचणी ऐच्छिक केली. कॅलिफोर्नियाचा ‘एबी 705’ हा कायदा 2017 मध्ये संमत होऊन 2019 च्या शरद सत्रापासून पूर्णपणे लागू झाला. विद्यार्थ्याला एका वर्षात विद्यापीठात ग्राह्य धरले जाणारे इंग्रजी व गणित पुरे करता येण्याची शक्यता जास्तीत जास्त राहील, अशीच नेमणूक करणे कॉलेजांवर बंधनकारक झाले. मूळ नियमावलीनुसार जीपीए 2.6 वा अधिक असेल, तर थेट त्या पातळीचे इंग्रजी मिळे, 1.9 पेक्षा कमी असला तरी वर्ग तोच, फक्त जोडीला जादा मदतीची जोरदार शिफारस.

टेक्सासमध्ये मात्र ‘टीएसआय’ चाचणी कायम असून तिची सुधारित आवृत्ती 2021 मध्ये आली. एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांत ठरावीक गुण मिळवणाऱ्यांना, आधीची पदवी असणाऱ्यांना आणि सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्यांना तिच्यातून सूट आहे. इतरांना चाचणीपूर्वी माहिती व सरावाचा एक टप्पा पुरा करावा लागतो. तो केल्याशिवाय चाचणीला बसता येत नाही.