हिम पडण्यापूर्वीची तयारी

आल्प्स पर्वताच्या परिसरात शरद ऋतूची चाहूल लागली, की गावोगावच्या व्यायामशाळांत एक विशिष्ट प्रकारची लगबग सुरू होते. दिवसभर कचेरीत बसून काम करणारी माणसे संध्याकाळी तेथे जमतात. कोणी भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, जणू अदृश्य खुर्चीवर बसल्याप्रमाणे निश्चल राहतो. कोणी एका पायावर तोल सावरतो. कोणी बैठका काढतो, तर कोणी या बाजूकडून त्या बाजूकडे उड्या मारतो. बाहेर हिमाचा कणही नसतो. परंतु ही सारी तयारी हिमासाठीच चाललेली असते. जर्मन भाषेत या व्यायामाला 'स्कीगिम्नास्टिक' असे नाव आहे. हिवाळ्यातील स्कीच्या खेळासाठी शरीर आधीपासून सिद्ध करणे, हा त्याचा हेतू होय.

वरवर पाहता यात नवल वाटण्याजोगे काही नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने विचार केला म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. मनुष्य हजारो वर्षे स्कीवरून चालत आला आहे. त्या दीर्घ काळात त्याला अशी वेगळी तयारी करण्याची गरज भासली नाही. मग अगदी अलीकडच्या काळातच ती का भासावी?

स्की म्हणजे हिमावरून सरकत जाण्यासाठी पायांना बांधावयाच्या लांब, अरुंद पट्ट्या. हा शब्द लाकडाची चिरफळी या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला आहे. स्वीडनमधील काल्व्ह्ट्रेस्क येथे दलदलीत सापडलेली स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. ज्या काळी आणि ज्या प्रदेशात ती वापरली गेली, तेथे तिचा खेळाशी संबंध नव्हता. शिकार करणे, लाकूडफाटा आणणे, शेजारच्या वस्तीवर जाणे, ही कामे तिच्यावाचून होत नसत. नॉर्वेच्या इतिहासातील एक प्रसिद्ध प्रसंग यादृष्टीने बोलका आहे. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १२०६ साली, बिर्केबायनर पक्षाच्या दोघा निष्ठावंत स्कीपटूंनी राजपुत्र हाकोन या तान्ह्या बालकाला घेऊन ऐन हिवाळ्यात लिलेहामरकडून डोंगर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात सुखरूप नेले. पुढे हाच बालक नॉर्वेचा राजा झाला. १९३२ पासून या घटनेच्या स्मरणार्थ जी शर्यत भरते, तीत प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे वाहतो. आजचा स्पर्धक त्यासाठी कित्येक महिने सराव करतो. त्या दोघा वीरांचा सराव मात्र त्यांच्या नित्याच्या जीवनातच झालेला होता.

हीच गोष्ट आधुनिक स्कीचा जनक मानल्या जाणाऱ्या सोंड्रे नोरहाइम याच्याविषयी म्हणता येईल. टेलेमार्क प्रांतातील मोर्गेडाल या खेड्यातील हा गरीब कूळ. १८६८ साली राजधानीत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात, भरलेल्या स्पर्धेत त्याने आपल्या कौशल्याने नागरजनांना थक्क केले. त्या वेळी तो चाळिशी ओलांडलेला होता, आणि घरापासून स्पर्धेच्या स्थळापर्यंतचा लांबचा प्रवासही त्याने स्कीवरूनच केला, असे सांगतात. ज्याला प्रवास हीच तयारी, त्याला व्यायामशाळेचे प्रयोजन ते काय?

परिस्थिती पालटू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. फ्रित्योफ नान्सेन याने १८८८ साली स्कीच्या साहाय्याने ग्रीनलंड पार केले आणि १८९० साली त्या मोहिमेवर ग्रंथ लिहिला. तो वाचून मध्य युरोपातील अनेक सुशिक्षितांना या साधनाचे वेड लागले. त्यांपैकीच एक मातियास झ्दार्स्की. ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथील आपल्या जागेत त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि उंच आल्प्सच्या तीव्र उतारांना योग्य अशी नवी पद्धती शोधून काढली. व्हिएन्नाहून रेल्वेने येणाऱ्या हौशी लोकांना तो ती शिकवीत असे. येथे प्रथमच स्की ही डोंगरात राहणाऱ्याच्या हातून सुटून शहरात राहणाऱ्याच्या हाती आली. सहा दिवस बैठे काम आणि सातव्या दिवशी हिमाच्छादित उतार, असा हा नवा क्रम होता.

तथापि, या पहिल्या पिढीला एक कडक परीक्षक लाभला होता. तो म्हणजे खुद्द डोंगर. उतरण्याचा आनंद मिळवावयाचा तर आधी चढावे लागे. दोन-तीन तासांची चढण आणि काही मिनिटांची उतरण, असा तो हिशेब होता. चढताना श्वास लागे, पाय तापत, शरीर जागे होई. ज्याच्या अंगात बळ नसे तो माथ्यापर्यंत पोचतच नसे. हिमाच्या हंगामातील पहिले चार-सहा रविवार हीच त्याची व्यायामशाळा होती.

झ्दार्स्कीच्या आयुष्यातील एका घटनेने शरीरसाधनेचे मोल वेगळ्याच रीतीने प्रकट झाले. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो हिमलोटाखाली सापडला. त्याची असंख्य हाडे मोडली आणि सांधे निखळले. त्या वेळी त्याचे वय साठीला टेकलेले होते. परंतु स्वतःच योजलेल्या साधनांनी व व्यायामांनी, चिकाटी न सोडता, त्याने आपले शरीर पुन्हा उभे केले. तो पुन्हा स्की करू लागला आणि १९४० पर्यंत जगला.

मग आले यंत्र. १९३४ सालच्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने रचलेली, स्की करणाराला उतारावरून वर ओढून नेणारी दोरयंत्रणा सुरू झाली. दोनच वर्षांनी अमेरिकेतील सन व्हॅली येथे टांगत्या खुर्च्यांची यंत्रणा उभी राहिली. तिची कल्पना जेम्स करन या अभियंत्याला जहाजावर केळ्यांचे घड चढविणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. आता चढण उरली नाही. जेथे दिवसाकाठी एक उतरण होई, तेथे वीस होऊ लागल्या. यंत्राने श्रम हरण केले हे खरे. परंतु त्या श्रमाबरोबर शरीराची आपोआप होणारी मशागतही नाहीशी झाली, हे लोकांच्या ध्यानात हळूहळूच आले.

याचे मर्म उतरणीच्या स्वरूपात आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात; उतरताना ते ताणले जात असतानाच भार पेलून धरतात, म्हणजे एक प्रकारे रोधकाचे काम करतात. या दुसऱ्या प्रकारच्या श्रमात श्वास फारसा लागत नाही, त्यामुळे तो हलका वाटतो. पण स्नायूंना सूक्ष्म इजा होते ती त्यातच. गड चढून आलेल्याचे पाय दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बोलू लागतात, हा आपल्याकडील अनेकांचा अनुभव आहे. तो प्रताप चढण्यापेक्षा उतरण्याचाच अधिक. यातील दिलाशाची गोष्ट अशी, की स्नायूंना या श्रमाची आधी थोडी ओळख करून दिली, तर पुढच्या वेळी ते पुष्कळच कमी दुखावतात. शरद ऋतूतील बैठकांचे सारे शास्त्र या एका नियमात आहे.

या अडचणीवर शहरांनी दोन उपाय शोधले. पहिला उपाय हिमालाच शहरात आणण्याचा. १९२७ साली व्हिएन्नातील एका बंद पडलेल्या रेल्वेस्थानकाच्या प्रचंड दालनात सोड्यापासून केलेले कृत्रिम हिम पसरून 'हिमप्रासाद' उभारण्यात आला. हे हिम नीट सरकेना, आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही. दुसरा उपाय शरीरालाच हिमासाठी घडविण्याचा. त्याला जुनी परंपरा आयती मिळाली. पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली स्टॉकहोम येथे स्थापन केलेल्या संस्थेतून पद्धतशीर व्यायामाचा प्रसार युरोपभर झालेला होता. त्या मुशीतून तयार झालेले व्यायाम स्कीच्या कामी आले. १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारा स्टाइन एरिक्सेन हा १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या एका कसरतपटूचा पुत्र. त्याच्या डौलदार वळणांत व स्कीवरील कोलांट्यांत या घराण्याची तालीम स्पष्ट दिसे.

सपाट प्रदेशातील लांब पल्ल्याच्या शर्यतींची कथाही याहून निराळी नाही. स्वीडनचा सिक्स्टेन येर्नबेरी याने १९५६ ते १९६४ या काळात ऑलिंपिकची नऊ पदके मिळविली. लोहारकाम आणि जंगलातील लाकूडतोड करून त्याचे शरीर घडले होते. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये पेर-ओलोफ ओस्ट्रांड प्रभृती शास्त्रज्ञ खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता मोजत होते. या मोजणीत स्कीवरून लांब पल्ला तोडणारे खेळाडू अग्रभागी आढळले. कारण या प्रकारात हात आणि पाय दोन्ही एकाच वेळी राबतात. परंतु जंगलातही यंत्रे आली आणि कुऱ्हाडीची तालीम संपली. तेव्हा उन्हाळ्यात चाके लावलेल्या स्कींवरून रस्त्यावर धावणे, काठ्या घेऊन टेकड्या चढणे, असे पर्याय पुढे आले. फिनलंडमधील स्कीपटूंच्या या काठ्या घेऊन चालण्यातूनच १९९७ च्या सुमारास 'नॉर्डिक वॉकिंग' हा सामान्यजनांचा व्यायाम रूढ झाला. ज्यांनी हिम कधी पाहिलेही नाही, असे वृद्धही आज त्याचा लाभ घेतात.

व्यायाम म्हणजे अभेद्य कवच, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पाय मोडल्यानंतर यालमार व्हाम याने १९३९ च्या सुमारास, पडताच बूट मोकळा करणारी बांधणी प्रचारात आणली. पुढे उंच व ताठ बूट आले. घोटा व नडगी यांचे रक्षण झाले, पण पिळाचा भार गुडघ्यातील अस्थिबंधांवर आला. साधन बदलले की संकट आपली जागा बदलते. नाहीसे होत नाही. थकलेला पाय चूक लवकर करतो, म्हणून तयारी हवी. आणि तयारी असली तरी थकवा ओळखून थांबण्याचा विवेकही हवा.

भारतात या विद्येचे मुख्य पीठ गुलमर्ग. १९२७ साली तेथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की मंडळ स्थापिले आणि १९४८ साली भारतीय सैन्याने आपली स्की शाळा काढली. तिचाच पुढे उंच प्रदेशातील युद्धशिक्षणाच्या संस्थेत विस्तार झाला. सैनिकाच्या दृष्टीने ही तयारी हौसेची नव्हे, तर जीवनमरणाची बाब होय. आज रज्जुयान प्रवाशाला गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटर उंचीवरून थोड्याच वेळात अफरवटच्या अंगावर, ३,९०० मीटरांच्याही वर नेऊन सोडते. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरातून विमानाने येणाऱ्याला तेथे हिमाबरोबर विरळ हवेशीही सामना करावा लागतो. त्याने निघण्यापूर्वी सहा-आठ आठवडे पाय व दमसास यांची जोपासना करावी, हे इष्टच. परंतु विरळ हवेची सवय कितीही बैठका काढल्या तरी घरी होत नाही. त्यासाठी तेथे पोचल्यावर एक-दोन दिवस सबुरीनेच काढले पाहिजेत.

या इतिहासाचे तात्पर्य स्कीपुरतेच मर्यादित नाही. पूर्वजांना जे बळ कष्टाच्या जीवनाने न मागता दिले, ते यंत्रयुगातील माणसाला स्वतःच्या नियमाने मिळवावे लागते. यंत्र आपल्याला शिखरावर पोचवील. तेथून खाली यावयाचे असते ते मात्र आपल्याच पायांनी. मृगाचा पाऊस पडू लागल्यावर कोणी नांगर शोधावयास निघत नाही. जमीन आधीच तयार ठेवावी लागते. हिमाचेही तसेच आहे.